व्होल्टेज घसरलं की मोटर का जळते? टंग टेस्टर, वही आणि नववीतलं गणित

(तालुका प्रतिनिधी)

मार्च महिना. उन्हाळी कांदा पोसायला लागलेला, दोन पाणी राहिलेली. सकाळी लाईट आली, ऑटोने स्टार्टर टाकला, मोटर घुंऽऽ करून दोन मिनिटांत बंद. विहिरीवर गेलो तर पेटीत जळका वास. पाच एचपीची सबमर्सिबल, वर्षात दुसऱ्यांदा गेली. वायंडिंग, मोटर वर काढायची मजुरी, परत सोडायची मजुरी, सगळं मिळून आठ हजारांच्या वर गेले. त्यात पाच दिवस पाणी नाही. कांद्याच्या एका वाफ्यात उभं राहून बघितलं तर पात मान टाकत होती. आठ हजारांपेक्षा ते जास्त लागलं.

साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकारने २०२४ पासून माफ केलंय. चांगली गोष्ट आहे. पण रिवाइंडिंग कोणी माफ करत नाही. आपल्या भागात फेब्रुवारी ते मे कोणत्याही वायंडिंगच्या दुकानात जा, बाहेर मोटरींची रांग असते. कोणी म्हणतं कंपनी खराब, कोणी म्हणतं वायंडिंगवाल्याने तार हलकी वापरली. मीही तेच म्हणत होतो. या वेळी मात्र वायंडिंगवाल्या काकांनी मला दुकानातच बसवलं आणि विचारलं, "विहिरीवर व्होल्टेज किती येतं? मोटर करंट किती घेते?" मला दोन्ही सांगता आलं नाही. ते म्हणाले, "बैलाला किती चारा लागतो ते माहिती असतं तुला, आणि मोटरचं नाही?"

त्यानंतर मी टंग टेस्टर घेतला, एक वही केली आणि महिनाभर आकडे लिहिले. त्या आकड्यांवरून जे कळलं ते इथे मांडतोय. यातलं गणित अवघड नाही. माझी मुलगी नववीत आहे, तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'धाराविद्युत' म्हणून धडा आहे, त्यातलंच आहे सगळं. फक्त पुस्तकात ते विहिरीवर नेलेलं नाही.

आधी तीन शब्द

व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स. पुस्तकात त्यांना विभवांतर, विद्युतधारा आणि रोध म्हणतात. शेतकऱ्याला हे पाण्यावरून लगेच कळतं.

उंचावरच्या टाकीतून पाइपलाइन आली की टाकी जितकी उंच तितका पाण्याला दाब जास्त. तो दाब म्हणजे व्होल्टेज, व्होल्टमध्ये मोजतात. पाइपातून सेकंदाला किती पाणी जातंय तो करंट, अँपिअरमध्ये मोजतात. आणि पाइप अरुंद, लांब, कचरा अडकलेला असेल तर पाण्याला अडथळा होतो, तो रोध. तो ओहममध्ये मोजतात. ओहम हे जर्मनीतल्या एका मास्तरांचं नाव, गेऑर्ग ओहम. कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी तारांवर प्रयोग केले आणि १८२७ साली पुस्तक लिहून हा नियम मांडला.

नियम एका ओळीचा आहे :

व्होल्टेज = करंट × रोध

यातली दोन माहिती असली की तिसरं निघतं. रोध पाहिजे तर व्होल्टेजला करंटने भागा. करंट पाहिजे तर व्होल्टेजला रोधाने भागा.

आणि पॉवर, म्हणजे वॅट, त्याचं दुसरं सूत्र :

वॅट = व्होल्टेज × करंट

हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. आणि ७४६ वॅट म्हणजे एक एचपी. एवढ्यावर पुढचं सगळं चालतं.

घरातल्या रॉडवर करून बघा

अंघोळीचं पाणी तापवायचा रॉड घ्या. त्याच्यावर लिहिलेलं असतं २३० व्होल्ट, १५०० वॅट. करंट किती? १५०० भागिले २३०, म्हणजे ६.५ अँपिअर. रोध किती? २३० भागिले ६.५, म्हणजे साधारण ३५ ओहम. रॉड बोर्डातून काढून, थंड असताना मल्टिमीटर लावला तर आकडा याच्या जवळपासच येतो.

आता संध्याकाळी आपल्याकडे व्होल्टेज १७० वर येतं. रॉड तोच, रोध तोच ३५ ओहम. करंट झाला १७० भागिले ३५, म्हणजे ४.८५ अँपिअर. वॅट झाले १७० गुणिले ४.८५, म्हणजे ८२५ च्या आसपास. व्होल्टेज पाऊण राहिलं तर पॉवर जवळजवळ निम्मी झाली. कारण व्होल्टेज पडलं तसा करंटही पडला, आणि दोन्हींचा गुणाकार होतो. म्हणून संध्याकाळी पाणी तापायला दुप्पट वेळ लागतो. पण रॉडचं काही बिघडत नाही, तो बिचारा कमी तापतो एवढंच.

एक इशारा. जुना पिवळा शंभर वॅटचा बल्ब घेऊन हे करायला जाल तर फसाल. हिशोबाने त्याचा रोध येतो ५२९ ओहम, आणि मल्टिमीटर दाखवतो चाळीसच्या आसपास. मीटर बिघडलेला नसतो. थंड तारेचा रोध कमी असतो, पांढरीशुभ्र तापली की तो दहा-बारा पटीने वाढतो. म्हणजे मीटरने मोजलेला रोध आणि चालू असताना व्होल्टेज-करंटवरून काढलेला रोध हे दोन्ही नेहमी एकच नसतात. मोटरच्या बाबतीत तर हे फारच लक्षात ठेवायचं.

मुलीने विचारलेला प्रश्न

हे सगळं मुलीला समजावून सांगत होतो, खरं तर तीच मला सांगत होती. मध्येच ती म्हणाली, "पप्पा, मग व्होल्टेज कमी झालं तर मोटरचा करंट पण कमी व्हायला पाहिजे. कमी करंटने मोटर कशी जळेल?"

मला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मोजलं. लाईट चांगली होती तेव्हा करंट कमी, व्होल्टेज पडलं तसा करंट वाढला. रॉडच्या बरोबर उलट. परत काकांचं दुकान गाठलं.

त्यांनी सांगितलं ते असं. रॉड ही नुसती तार आहे, जेवढं व्होल्टेज मिळेल तेवढं काम करते. मोटरच्या मानेवर मात्र पंप बसलेला आहे. पाणी तेवढ्याच खोलीवरून, तेवढंच वर उचलायचंय. काम ठरलेलं आहे, म्हणजे वॅट ठरलेले आहेत. वॅट म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. गुणाकार तेवढाच ठेवायचा आणि एक आकडा कमी झाला तर दुसरा वाढणारच.

मग ओहमचा नियम मोडला का? नाही. फिरणारी मोटर स्वतःच्या आत लाईनच्या उलट दिशेने दाब तयार करते. लाईनचं व्होल्टेज आणि हा उलटा दाब यांच्यातला जो फरक उरतो तोच वायंडिंगमधून करंट ढकलतो. लाईनचं व्होल्टेज पडलं की मोटरचा वेग थोडा घसरतो, हे गणित बदलतं आणि पंपाचं काम पुरं करायला ती जास्त करंट ओढते.

यातूनच आणखी एक गोष्ट कळते. मोटर जाम झाली, गाळ किंवा वाळूने पंप अडकला, तर फिरणंच नाही. फिरणं नाही तर उलटा दाब नाही. तेव्हा करंट नेहमीच्या पाच-सहा पट जातो. मोटर घुंऽऽ करते पण उचलत नाही, तेव्हा आत हेच चाललेलं असतं. मोटर सुरू होतानाही क्षणभर एवढाच करंट जातो, पण तिने वेग धरला की तो खाली येतो. व्होल्टेज फार कमी असेल तर वेग धरायलाच वेळ लागतो, कारण मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो. ४१५ च्या जागी ३२० मिळाले तर जोर साठ टक्क्यांच्या आसपासच राहतो.

माझ्या विहिरीचे आकडे

थ्री फेज मोटरचं सूत्र थोडं वेगळं आहे :

वॅट = १.७३ × व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर

१.७३ हा आकडा तीन फेजमुळे येतो. पॉवर फॅक्टर म्हणजे मोटर जेवढा करंट ओढते त्यातला कामाला येणारा हिस्सा. चालू मोटरला ०.८५ धरला तर अंदाज बरोबर येतो. व्होल्टेज म्हणजे दोन फेजमधलं, आणि करंट म्हणजे एका वायरीतला.

दुसऱ्यांदा भरून आणलेली मोटर सोडल्यावर, सगळ्यांच्या मोटरी चालू असताना विहिरीवर मला मिळालं ३२० व्होल्ट आणि ९.८ अँपिअर. गुणाकार केला : १.७३ × ३२० × ९.८ × ०.८५, म्हणजे साधारण ४६०० वॅट. पाच एचपी म्हणजे ३७३० वॅट, पण ते शाफ्टवर. मोटरच्या आत गरमीत आणि घासण्यात जातं ते धरलं की ४६०० पटतं.

हेच काम ४१५ व्होल्टवर केलं असतं तर करंट लागला असता ७.६ अँपिअर. माझ्या मोटरच्या पाटीवर जास्तीत जास्त लिहिलंय ९ अँपिअर. म्हणजे ३२० वर मोटर पाटीच्या बाहेर चालली होती.

कोणी म्हणेल, सात-साडेसातच्या जागी पावणेदहा, एवढ्याने काय होतंय? इथेच खरी मेख आहे. वायंडिंगमध्ये तयार होणारी गरमी करंटच्या वर्गाने वाढते :

गरमीचे वॅट = करंट × करंट × रोध

९.८ भागिले ७.६ म्हणजे १.२९. त्याचा वर्ग १.६६. करंट तीस टक्क्यांनी वाढला, पण गरमी पासष्ट टक्क्यांनी. रोज आठ तास ही गरमी वायंडिंगच्या वार्निशवर बसते, वार्निश कडक होतं, तडकतं, दोन तारा एकमेकींना लागतात आणि एका सकाळी काम तमाम. आपण म्हणतो मोटर आज जळाली. ती दोन-तीन महिने जळत असते.

वायर व्होल्टेज खाते

पुढचा धक्का मोठा होता. विहिरीवर ३२०, पण त्याच वेळी मीटरच्या खांबाजवळच्या पेटीत व्होल्टमीटर दाखवत होता ३४८. मधले २८ व्होल्ट कुठे गेले?

खांबापासून विहीर अडीचशे मीटर. मधे चार स्क्वेअरची अॅल्युमिनियम केबल. घेताना दुकानदाराने सांगितलं होतं, "पाच एचपीला ही सहज चालते, वीस अँपिअर झेलते." तो खोटं बोलला नाही. केबल गरम होत नाही, जळत नाही. पण केबल करंट झेलते का, हा एक प्रश्न आणि एवढ्या लांबीत ती व्होल्टेज किती खाते, हा दुसरा. दुसरा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

ठिबकवाल्यांना हे लगेच पटेल. बारीक लॅटरल फार लांब ओढली की शेवटच्या झाडाला पाणी कमी पडतं. पाइप फुटलेला नसतो, दाब वाटेत संपलेला असतो.

थ्री फेज मोटरसाठी एक सोपा अंदाज :

वाटेत गेलेले व्होल्ट = दीड × करंट × एका वायरीचा रोध

(१.७३ ला ०.८५ ने गुणलं की दीडच्या जवळ येतं, म्हणून दीड.)

यावरून वायरीचा रोध काढता येतो. २८ भागिले (१.५ × ९.८), म्हणजे १.९ ओहम. आता हा आकडा वायरीच्या जाडीवरून तपासू. एक स्क्वेअर एमएमची शंभर मीटर तार घेतली तर तांब्याचा रोध साधारण १.८ ओहम आणि अॅल्युमिनियमचा ३ ओहम धरायचा. लांबी वाढली तर रोध वाढतो, जाडी वाढली तर कमी होतो. माझी चार स्क्वेअर अॅल्युमिनियम, अडीचशे मीटर : ३ भागिले ४ गुणिले २.५, म्हणजे १.८८. मोजलेला १.९, हिशोबाचा १.८८. जमलं. जमलं नसतं, मोजलेला फार जास्त आला असता, तर वाटेत कुठलातरी जोड सैल किंवा काळा पडलेला आहे असं समजायचं.

वायरीत वाया जाणारी पॉवर : तीन वायरी, म्हणून ३ × ९.८ × ९.८ × १.९, म्हणजे साधारण ५४७ वॅट. आठ तासांत साडेचार युनिटच्या आसपास वीज नुसती माती तापवत होती.

मग उधारीवर दहा स्क्वेअरची अॅल्युमिनियम टाकली. रोध झाला पाऊण ओहम. खांबाजवळ तेच ३४८ असताना विहिरीवर ३३८ मिळाले, करंट ९.३ वर आला. वायरीतला तोटा दोनशे वॅटच्या आत आला. एका वेळचा खर्च मोठा आहे, हे खरंय. पण दोन रिवाइंडिंगचे पैसे समोर ठेवून बघा.

नवीन विहीर, नवीन बोअर घेणाऱ्यांनी दुकानात जायच्या आधी हे गणित कागदावर करावं. लांबी मोजा, करंट पाटीवरून घ्या, रोध काढा, किती व्होल्ट जाणार ते बघा. दहा-बारा व्होल्टच्या वर जात असेल तर एक नंबर जाड केबल घ्या.

माझी स्वतःची चूक

सगळा दोष लाईटवर टाकून मोकळं होता येत नाही. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो, त्याला छोटी चकती असते. करंट ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की तो मोटर पाडतो. आमचा रिले सारखा ट्रिप व्हायचा. रात्री विहिरीवर चकरा मारून वैताग आला म्हणून मी स्क्रू ड्रायव्हरने चकती १३ वर नेऊन ठेवली. ट्रिप व्हायचं बंद झालं. मोटर वाचवणारा माणूसच मी दारातून हाकलला होता. आता चकती पाटीवरच्या आकड्यावर, ९ वर आहे. ट्रिप झाला तर त्याला शिव्या न देता करंट का वाढला ते बघतो.

दुसरी चूक अनेक जण करतात. एक फेज गेला तरी जुगाड करून दोन फेजवर मोटर चालवायची. गणित बघा. तीन वायरींचं काम दोन वायरींवर आलं की सूत्रातला १.७३ निघून जातो, करंट तेवढा पट वाढतो. ७.६ चा १३ होतो. १.७३ चा वर्ग तीन, म्हणजे गरमी तिप्पट. मोटर दहा-वीस मिनिटं चालते आणि आपल्याला वाटतं जमलं. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर पेटीत असेल तर तो काढून टाकू नका, बायपास करू नका.

कपॅसिटरचंही सांगतो. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर लावला की लाईनमधून येणारा करंट साधारण एक अँपिअरने कमी होतो. तो विहिरीजवळच्या पेटीत लावला तर केबलमधला तोटाही कमी होतो. पण मोटरच्या आतली गरमी तो थेट कमी करत नाही. आणि पेटीत नुसता लटकतोय, फुगलाय, असा कपॅसिटर म्हणजे शोभेची वस्तू. टंग टेस्टरने त्याच्या वायरीत करंट जातोय का ते तपासा.

मोटर तपासायला रोध कामाला येतो

लाईन पूर्ण बंद, फ्यूज काढलेले, केबल स्टार्टरपासून सोडवलेली, अशा वेळी मल्टिमीटरने केबलच्या दोन-दोन वायरींमधला रोध बघा. माझ्याकडे तिन्ही जोड्यांना ४ ओहमच्या आसपास येतं. इथे ४१५ भागिले ४ करून १०४ अँपिअर काढू नका. वर सांगितलं तसं चालू मोटरला हे लागू होत नाही. इथे बघायचं एवढंच की तिन्ही आकडे सारखे आहेत का. एका जोडीला ४ आणि दुसरीला अडीच आलं तर आत तारा एकमेकींना लागल्यात. एखाद्या जोडीला काहीच आलं नाही तर वायर तुटलीय. मीटरच्या पिना एकमेकींना लावून आधी किती दाखवतंय ते बघा आणि तेवढं वजा करा. विहिरीत गेलेल्या केबलचा रोधही यात धरला जातो.

वायंडिंगमधून बॉडीला लाईट उतरतेय का, हे मात्र साध्या मल्टिमीटरने खात्रीने कळत नाही. त्याला मेगर लागतो, तो पाचशे व्होल्ट टाकून बघतो. एक मेगाओहम, म्हणजे दहा लाख ओहमच्या खाली आलं तर मोटर पाण्यात सोडू नका. वायंडिंगवाल्यांकडे मेगर असतो. पैसे द्यायच्या आधी समोर लावायला सांगा, आकडा वहीत लिहा.

हेच गणित माणसालाही लागू आहे

आपलं अंगही एक रोध आहे. कोरडी कातडी असली तर हजारोंच्या घरात ओहम. ओले हात, अनवाणी पाय, चिखल असला तर तो रोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर, २३० मिलिअँपिअर. जीव वाचवणारा जो ब्रेकर घरात लावतात, तो ३० मिलिअँपिअरला लाईन तोडतो. म्हणजे किती पटीने जास्त करंट अंगातून जाऊ शकतो ते बघा. म्हणूनच पाणी भरताना माणसं जातात. हौदावरची उघडी वायर, पेटीला अर्थिंग नाही, ऑटो चालू ठेवून मोटरला हात, ही कारणं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत.

टंग टेस्टरचा फायदा हा की वायरीला हात लावावा लागत नाही, सोलावी लागत नाही. चिमटा एकाच वायरीभोवती घालायचा. तिन्ही वायरींभोवती एकदम घातला तर शून्य दाखवेल आणि तुम्हाला वाटेल मोटर बंद आहे. व्होल्टेज पेटीवरच्या व्होल्टमीटरवर वाचा. उघड्या टर्मिनलला पिना लावायचं काम वायरमनवर सोडा. डीपीला कोणीही हात लावायचा नाही, फ्यूज टाकायलाही नाही. ऑटो आधी बंद, मग काम. पायात कोरडी चप्पल.

वहीचा खरा उपयोग

एवढं करून खांबाजवळचं ३४८ राहिलंच. १९५६ च्या विद्युत नियमांत अशा पुरवठ्याचं व्होल्टेज ठरलेल्या आकड्यापेक्षा सहा टक्क्यांपेक्षा जास्त वर-खाली नको असं म्हटलं होतं. ४१५ चे सहा टक्के काढले तर ३९० च्या खाली जायला नको. आम्हाला त्यापेक्षा चाळीसेक व्होल्ट कमी मिळत होते.

डीपीवरच्या आम्ही अकरा जणांनी एका संध्याकाळी पारावर बसून हिशोब केला. माझ्या मोटरचा १.७३ × ३२० × ९.८ म्हणजे साधारण ५.४ केव्हीए. कागदावर अकराच्या अकरा पंप पाच एचपीचे, म्हणजे ५९ केव्हीए. डीपी ६३ ची. कागदावर बसतंय. पण खरं विचारल्यावर चार जणांनी कबूल केलं, विहिरीत साडेसात एचपी आहे. म्हणजे सात पंपांचे ३८ आणि चार मोठ्यांचे ३२, एकूण ७०. आणि लाईट आल्या आल्या अकराही ऑटो एकदम पडतात, प्रत्येक मोटर क्षणभर पाच-सहा पट करंट मागते. व्होल्टेज तीनशेच्या खाली बसल्याचं मी डोळ्याने बघितलंय.

त्या बैठकीत थोडी गरमागरमी झाली, पण दोन गोष्टी ठरल्या. चार मोठ्या मोटरी दुपारनंतर चालवायच्या. आणि बाकीच्यांनी ऑटोचा टाइम एक-एक मिनिट पुढे-मागे लावायचा. पहिल्या आठवड्यात दोघांनी पाळलं नाही, नंतर त्यांच्याच एकाची मोटर ट्रिप व्हायला लागल्यावर पाळलं. आता सकाळी खांबाजवळ ३७२ मिळतात, विहिरीवर ३६२. माझी मोटर ८.७ अँपिअर घेते, पाटीच्या आत. आधीच्या ९.८ शी वर्ग करून तुलना केली तर वायंडिंगची गरमी पाचव्या हिश्श्याने कमी झाली.

३९० अजून आलेले नाहीत. त्यासाठी महिनाभराच्या वहीची झेरॉक्स, अकरा पंपांची खरी यादी आणि अर्ज असं एकत्र दिलं आहे, पोच घेतली आहे. आधी आम्ही "व्होल्टेज येत नाही, मोटरी जळतात" एवढंच सांगायचो आणि "सगळीकडेच आहे" एवढंच ऐकून परत यायचो. या वेळी तारीख, वेळ, व्होल्ट, अँपिअर असं लिहिलेलं बघून साहेबांनी डीपीवरचा लोड मोजायला माणूस पाठवला. मोठी डीपी मिळेल की नाही ते पुढे कळेल, मिळाली किंवा नाही मिळाली तरी इथे बातमी देईन.

तोवर ज्यांना जमेल त्यांनी विहिरीवर एक वही ठेवा. चार रकाने पुरतात : तारीख आणि वेळ, खांबाजवळचे व्होल्ट, विहिरीवरचे व्होल्ट, करंट. आठ दिवस लिहिलं की आपली मोटर पाटीच्या आत चालते की बाहेर, आणि दोष वायरीचा की डीपीचा, हे तुमचं तुम्हालाच कळेल. गणित अडलं तर घरात नववी-दहावीतलं पोर असेलच, त्याला विचारा.